बारा इंचांपर्यंत

एल्विरा, मिनेसोटा
९ ऑक्टोबर २०२२

प्रिय सॉल्वे,

कशी आहेस? मी बरी आहे. म्हणजे आपल्या गावात सगळे म्हणतात तशी, 'वाईट नाही' इतपत बरी.

तुझा पत्ता वसंतात माझी आई गेली तेव्हा तू पाठवलेल्या कार्डाच्या पाकिटावरून घेतला. कार्डावर तू फक्त नाव लिहिलं होतंस, पण अक्षर अगदी तेच, नावाच्या शेवटचा, उच्चारात नसलेला 'जी' शेपटी वर नेलेला. पाकीट मी टाकलं नाही. डुलूथला आता थंडी पडली असेल. इथे मेपलची पानं उतरली, टॅमरॅक अजून पिवळे आहेत, आणि लोक होड्या पाण्याबाहेर काढायला लागलेत.

पेपर चालू आहे. पूर्वी बारा पानं असायची, आता आठ. बातम्या मीच लिहिते, फोटो मीच काढते, मृत्युलेख मीच लिहिते आणि शुक्रवारी केरही मीच काढते. माझी ब्रिटा कॉलेजात गेली, लेक म्हणून आता फक्त सुट्टीत येते. घरात मी आणि मांजर. मांजर वय झाल्यामुळे माझ्याशी जरा नरम वागतं.

काल चर्चमध्ये नाताळसाठी लेफ्सा, आपली ती बटाट्याची पातळ पोळी, लाटायला सुरुवात झाली. तुझ्या आईचं खाचांचं लाटणं अजून तिथेच आहे, मुठीवर तुमच्या आडनावाचा 'टी' डागलेलं. अजूनही सगळ्याजणी त्याच्यासाठी भांडतात. काल डोरीन मला म्हणाली, "तू दे ते इकडे. तुझी लेफ्सा म्हणजे दाराबाहेरचं पायपुसणं." मी देऊन टाकलं. खरं सांगायचं तर ते लाटणं हातात धरायला मला आवडत नाही.

तुझे बाबा तळ्याकाठच्या नर्सिंग होममध्ये आहेत हे पास्टरकडून कळतं. खिडकीबाहेर त्यांनी पक्ष्यांसाठी दाण्यांचा डबा टांगून घेतलाय, पत्त्यांत सगळ्यांना हरवतात असंही ऐकते. माझ्या ऑफिसपासून चार गल्ल्या. जायचं जायचं म्हणते आणि राहून जातं.

आता कामाचं. बर्फावरच्या मासेमारीच्या स्पर्धेला येत्या फेब्रुवारीत पन्नास वर्षं होतात. समिती एक पुस्तिका काढते आहे आणि ती लिहायचं माझ्याकडे आलंय. अध्यक्ष अजूनही लोवेलच. तळ्याकाठचा त्याचा रिसॉर्टही तसाच चालू आहे. तुझ्या बाबांनी एकतीस हिवाळे या तळ्याचा बर्फ मोजला, तेव्हा त्यांचा फोटो हवाच. तुझ्याकडे तो असेल बघ, गिरमिट खांद्यावर, कान झाकणारी लाल टोपी, आणि भुवयांवर हिम साचलेलं.

त्यांच्याबद्दल लिहायला बसले आणि मिसेस ओस्ट्बींचा दहावीचा वर्ग आठवला. आठवतं? 'ॲट लीस्ट', 'ॲट मोस्ट', 'नो मोअर दॅन', 'अप टू', 'नॉट अंडर'. फळ्यावर आडवी रेघ, रेघेच्या वर काय, खाली काय. त्या परीक्षेत वर्गात मी एकटीच पैकीच्या पैकी. मग आपण दोघी तोच खेळ खेळत बसायचो. तू म्हणायचीस, "नवरा ॲट मोस्ट एक, समुद्र ॲट लीस्ट एक." समुद्र तुला मिळाला नाही, पण सुपीरियर सरोवर काही कमी नाही.

फोटो महिन्याअखेर मिळाला तर बरं. २०१२ बद्दलही पुस्तिकेत एखादी ओळ असावी असं लोवेल म्हणतो. फार मोठी नाही.

तुझीच,
जनेल


एल्विरा
३० ऑक्टोबर २०२२

प्रिय सॉल्वे,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. "बाबांचा फोटो कुठल्या ओळीच्या वर छापणार आहेस?"

ते कार्ड सहा दिवस टेबलावर आहे. आधी मी ते टाइपरायटरला टेकवून ठेवलं होतं. मग उलटं करून ठेवलं. मागच्या बाजूला डुलूथचा उचलता पूल आहे, त्याच्याकडेही बघवेना.

ती ओळ लोवेलने लिहून दिली आहे. तू विचारलंस म्हणून जशीच्या तशी देते. "२०१२ साली बर्फाच्या चुकीच्या मोजणीमुळे स्पर्धेत एका पाहुण्याचा दुर्दैवी मृत्यू झाला." पान अकरा. तुझ्या बाबांचा फोटो त्याच पानावर, वर उजवीकडे. मी त्याला म्हटलं, "लोवेल, ते अजून आहेत. वाचतात ते." तो म्हणाला, "त्यांचं नाव कुठे घातलंय मी? आणि मोजणी चुकलीच होती ना?"

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. टेबलावरचे कागद उगाच सरळ केले.

सॉल्वे, मोजणी चुकली नव्हती.

हे वाक्य लिहायला मला साडेदहा वर्षं लागली. लिहून मी उठले, भांडी घासली आणि परत आले. आता पुढचं एका दमात लिहिते.

तो हिवाळा तुला आठवत असेल, जानेवारीतही छपरांवरून पाणी ठिबकत होतं. स्पर्धा अकरा फेब्रुवारीला, शनिवारी. पेपर नवाला, गुरुवारी. मंगळवारी सकाळी तुझे बाबा नेहमीसारखे ऑफिसात आले, दारात बूट आपटले आणि खिशातून चिठ्ठी काढली. पावतीच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं. "गळ्यापाशी सातच्या खाली नाही. पॉइंटजवळ बारा. गाड्या घरी ठेवा."

गळा म्हणजे आपला तळ्याचा गळा, दोन्ही काठ जवळ येतात आणि खालून पाणी वाहतं राहतं ती जागा. पॉइंट म्हणजे तळ्यात घुसलेलं जमिनीचं टोक. तुला मी काय सांगते! तुझ्या बाबांनी आपल्या दोघींना लहानपणी तिथूनच हात धरून मागे ओढलं होतं.

मी विचारलं, "काय म्हणतो बर्फ?"

"वाईट नाही. चांगलाही नाही."

"अहो आर्विड, पहिल्या पानावर एका ओळीची चौकट आहे. त्यात हे सगळं मावायचं नाही. एकच आकडा सांगा."

"मग सात दे."

"पण बाराही आहे की."

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हसले. "पोरी, बारावर कोण बुडतंय? वरचा आकडा फुशारकी मारायला असतो. खालचा कामाचा."

मला सगळं सांगितलं होतं त्यांनी. मला कळलं नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

मंगळवारी मी 'ॲट लीस्ट सात इंच' असंच जुळवलं होतं. बुधवारी दुपारी लोवेलचा फोन आला. पहिल्या पानावर काय आहे हे त्याला नेहमी आधीच हवं असायचं.

"सात? अगं, सातवर पिकअप जात नाही हे पोराटोरांना माहीत आहे. सात छापलंस तर शुक्रवारी एक माणूस यायचा नाही. सगळ्या खोल्या भरल्यात माझ्या. चर्चने चारशे लोकांचं जेवण मांडलंय. कुठेतरी बारा असेलच ना?"

"पॉइंटजवळ आहे."

"मग बारा म्हणण्यात खोटं काय? बाकी संपादक तू. काय छापायचं ते अप टू यू."

त्याने फोन ठेवला. माझ्यासमोर त्याच पानाची खालची जाहिरात होती, मेन स्ट्रीटवरच्या बुटांच्या दुकानाचा सेल. 'अप टू फिफ्टी पर्सेंट ऑफ.' ती मीच सकाळी जुळवली होती. त्या दुकानात निम्म्या किमतीला एकच वस्तू होती, रबरी बुटांचा एक जोड, त्यातला डावा नऊ नंबरचा आणि उजवा दहाचा. तरीही सेलला नेहमी रांग लागायची.

मी सात खोडलं आणि लिहिलं, 'एल्विरा तळ्यावर बर्फ अप टू बारा इंच.'

मोठ्याने वाचूनही पाहिलं. बारा इंचांपर्यंत. मिसेस ओस्ट्बींच्या रेघेवर ठेवून बघ, बरोबर बसतं. बाराच्या वर काही नाही, एवढंच ते वाक्य सांगतं. खाली सात असो, तीन असो, नुसतं पाणी असो, सगळं त्यात मावतं. ते खोटं नव्हतं. आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यात मात्र फक्त बारा राहणार होतं, हेही मला माहीत होतं. गावात 'ॲट लीस्ट' आणि 'अप टू' यांतला फरक माझ्याइतका नेमका कुणालाच माहीत नव्हता. 'गाड्या घरी ठेवा' हे मी जागा नाही म्हणून गाळलं.

एक गोष्ट मी कधी स्वतःशीही धड बोलले नाही. मला त्या वेळी आनंद झाला होता, सॉल्वे. लोवेलला नाही म्हणावं लागलं नाही, तुझ्या बाबांशी खोटं बोलावं लागलं नाही, आणि मला बरोबर शब्द सुचला म्हणून. कॉफी ओतून घेतली मी. सोबत डोरीनच्या लिंबाच्या वडीचा तुकडा खाल्ला. ती चव अजून जिभेवर येते आणि मी जिथे असेन तिथे मान खाली घालते.

तो पाहुणा, कर्ट, चौतीस वर्षांचा होता. सेंट क्लाउडकडचा. शनिवारी सकाळी पेट्रोल पंपावर त्याने आपला पेपर घेतला. बायको काठावरून चालत येत होती, तिला गाडीतून बर्फावर जायची भीती वाटायची. गळ्यापाशी तुझ्या बाबांनी नेहमीसारख्या स्प्रूसच्या फांद्या रोवल्या होत्या, पण वाऱ्याने हिम उडून त्या अर्ध्याअधिक झाकल्या होत्या. त्याची गाडी तिथेच बर्फ फोडून खाली गेली. बाकीचं तुला माहीत आहे. तुझे बाबा सगळ्यात आधी पालथे सरपटत त्या भोकाकडे गेले, हे गाव विसरलं. तू विसरली नसशील.

त्याची बायको शेरीफच्या माणसाला एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगत होती. "पेपरमध्ये बारा लिहिलं होतं. पेपरमध्ये बारा लिहिलं होतं." ती 'अप टू' म्हणाली नाही. कोण म्हणेल?

त्या माणसाने मला विचारलं, "आकडा कोणाचा?"

"बर्फ आर्विड मोजतात."

"बारा तेच म्हणाले?"

"बारा त्यांच्या चिठ्ठीत होतं."

त्याने लिहून घेतलं. चिठ्ठी त्या वेळी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. मी एक शब्दही खोटा बोलले नाही. तसं जमतं मला.

सोमवारी तू डुलूथहून आलीस. ऑफिसच्या दारात उभी राहून विचारलंस, "बाबांनी तुला नक्की काय दिलं होतं?" आणि मी म्हणाले, "आत्ता सगळा गोंधळ आहे गं, आपण नंतर बोलू." मग दार ओढून गेलीस. ते 'नंतर' आज आलं.

पुढचं तू लांबून पाहिलंस, मी जवळून. तुझ्या बाबांना कुणी काही बोललं नाही. आपल्या गावात कुणी कुणाला बोलतच नाही, फक्त फोन यायचा थांबतो. पुढच्या नोव्हेंबरात लोवेलने विजेवर चालणाऱ्या यंत्राचा एक माणूस आणला. तुझे बाबा तरीही पहिला बर्फ धरला की गिरमिट घेऊन जायचे, भोकं पाडायचे, वहीत लिहायचे. त्यांना कुणी विचारायचं नाही. ऑफिसवरून जाताना ते हात वर करायचे. मी फोनवर बोलत असल्यासारखं करायचे. तुझी आई गेली तेव्हा तिच्यावर मी चार ओळींचा मृत्युलेख छापला. एरवी लेफ्सा लाटणाऱ्या बाईला मी अर्धा रकाना देते. तिच्याबद्दल लिहायचं तर त्यांच्याबद्दल लिहावं लागलं असतं.

चिठ्ठी आहे माझ्याकडे. ऑफिसच्या जाड शब्दकोशात ठेवली आहे, कुणीही उघडत नाही म्हणून. आज काढली. पेन्सिल पुसट झाली आहे, पण सातचा आकडा वाचता येतो. ते सातला मध्ये आडवी रेघ द्यायचे, इंग्रजी एकासारखा वाटू नये म्हणून.

पान अकरावर ती ओळ जाणार नाही. पुस्तिका मी लिहीत असेन तर नाही, आणि दुसऱ्या कुणी लिहिली तरी नाही, एवढं मी बघेन. उद्या मी तुझ्या बाबांकडे जाते. जाऊ का, असं तुला विचारत नाही. विचारलं तर ते पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात घालणं होईल.

फोटो पाठवू नकोस.

जनेल


एल्विरा
१७ नोव्हेंबर २०२२, गुरुवार

प्रिय सॉल्वे,

तुझं उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षाही नव्हती. तरी दुपारी दोनला पोस्टमनच्या गाडीचा आवाज आला की मी उठते.

'उद्या जाते' असं लिहिलं होतं. उद्या गेले नाही. परवाही नाही. नऊ दिवस लागले. एकदा दारापर्यंत जाऊन गाडीत येऊन बसले. हे लपवायचं मनात होतं, पण मग या पत्राला काही अर्थ राहिला नसता.

आठ तारखेला, मंगळवारी सकाळी गेले. ते खिडकीपाशी बसले होते, मांडीवर घोंगडी, समोर पत्ते मांडलेले. बारीक झालेत. हात मात्र तेच, मोठे. मला बघून म्हणाले, "ये. दार लाव, वारा येतो." जसं काही मी काल येऊन गेले होते.

मी बसले नाही. चिठ्ठी पत्त्यांवर ठेवली. काय बोलायचं ते गाडीत चार वेळा पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी म्हणाले, "आर्विड, तुम्ही सात दिलं होतं. मी बदललं."

त्यांनी चिठ्ठी उचलली, चष्म्याखाली धरली, परत ठेवली.

"माहीत आहे."

"कसं?"

"पेपर येतो ना माझ्याकडे."

मी उभीच. बाहेर दाण्यांच्या डब्यावर एक चिकडी, ती काळ्या टोपीची चिमणी, आली, दाणा घेऊन गेली. ते तिच्याकडे बघत होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तुमच्याकडे वही होती. शेरीफला दाखवली असती तर..."

"मोजलं ते दिलं, असं सांगितलं मी त्याला. त्याने पुढे विचारलं नाही." मग म्हणाले, "मला वाटलं, तू सांगशील. तुझा पेपर गुरुवारी येतो. म्हटलं, या गुरुवारी येईल."

मला कळलं नाही. "काय येईल?"

"पान दोन. खाली डाव्या कोपऱ्यात. चुका दुरुस्त करतेस ना तू तिथे." ते पत्ते गोळा करायला लागले. "या गुरुवारी नाही तर पुढच्या. तू लिहायला वेळ घेतेस, लहानपणापासून. एकदा जत्रेतल्या ॲपल-पायचं बक्षीस चुकीच्या बाईला दिल्याचं छापलंस. एकदा कुणाच्या तरी आडनावातला एक 'एन' राहिला होता. तेही छापलंस. मी म्हटलं, यादी लांब आहे पोरीची. येईल आपला नंबर."

सॉल्वे, त्यांनी साडेदहा वर्षं, दर गुरुवारी, पान दोन उघडलं. नर्सिंग होममध्ये जाताना इतर सगळं बंद केलं, पण पेपर तिकडे वळवून घेतला. मला वाटायचं, त्यांना अजून गावाची आवड आहे. वर्गणीदारांच्या चिकटपट्ट्यांतली त्यांच्या नावाची पट्टी मी दर आठवड्याला स्वतःच्या हाताने लावत होते.

मी रडले. माझ्या रडण्याने त्यांना त्रास झाला. ते इकडेतिकडे रुमाल शोधायला लागले. माझ्यासाठी आणखी एक काम त्यांनी करावं हे मला सहन होईना, म्हणून मी थांबले.

मग ते म्हणाले, "तर मग, या गुरुवारी?"

मी हो म्हटलं. या वेळी तोंडाने म्हटलं.

त्यांनी माफ केलं असं मी तुला सांगत नाहीये. ते तसं काही म्हणाले नाहीत, मी मागितलंही नाही. निघताना एवढंच म्हणाले, "कर्टच्या बायकोला आधी कळव. तिने पेपरात वाचू नये." तिचा पत्ता शोधून मी त्याच दिवशी लिहिलं, आणि पत्र तिला आधी पोचावं म्हणून तो गुरुवार त्यांना सांगून जाऊ दिला. उत्तर आलेलं नाही. ती काय करेल ते तिचं.

काल, बुधवारी, लोवेल ऑफिसात आला. कुणाकडून तरी कळलं असणार.

"जनेल, दहा वर्षांनी कशाला उकरतेस? कुणाचं भलं होणार आहे त्यात?"

"आर्विडचं."

"ते ऐंशीच्या पुढे आहेत."

"म्हणून तर घाई आहे."

"आणि मी? मी तुला बारा छाप असं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, अप टू यू."

"हो," मी म्हटलं. "तुझं नाव मी घातलेलंच नाही. ठरवलं मीच."

तो तरीही उभा राहिला. त्याचंही वय झालंय. मग म्हणाला, "पुस्तिका दुसऱ्या कुणाला तरी देतो," आणि टोपी घालून गेला. आज सकाळी त्याने रिसॉर्टची जाहिरात काढून घेतली. संध्याकाळच्या आत आणखी दोघे काढतील. डोरीनने फोन करून सांगितलं की शनिवारी लेफ्साला मी आले नाही तरी चालेल. मी येणार आहे असं म्हटलं. पायपुसणं तर पायपुसणं.

दुरुस्ती पान दोनवर घातली नाही. चूक पहिल्या पानावर होती, तिथेच घातली, त्याच जागी, पेपरच्या नावाच्या खाली उजवीकडे. त्या एका ओळीच्या चौकटीत ती मावेना. मग मी चौकट मोठी केली. दोन मिनिटांचं काम. खालची जाहिरात एक बोट खाली सरकवायची, बस.

सॉल्वे, तेव्हाही करता आली असती.

आज सकाळी अंक घेऊन मीच त्यांच्याकडे गेले, टपालाची वाट न बघता. त्यांनी तो हातात घेतला आणि सवयीने थेट पान दोन उघडलं. डाव्या कोपऱ्यात काही नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही आलं नाही, फक्त अंगठा तिथे थांबला. मी पटकन म्हटलं, "पहिल्यावर आहे." त्यांनी पान उलटलं. ओठ हलवत वाचलं, सावकाश, दोनदा. मग घडी घालून पेपर मांडीवर ठेवला.

"वाईट नाही," म्हणाले.

आपल्याकडे हे शब्द किती अर्थाने वापरतात ते तुला माहीत आहे. मी त्यातला सगळ्यात खालचा धरला आहे. वरचा धरायची मला आता सवय करायची नाही.

तळ्याच्या कडेला कागदासारखा बर्फ धरलाय. त्यांनी गिरमिट कुठे आहे ते विचारलं. तुझ्या गॅरेजमध्ये असेल तर त्यांना तेवढं कळव. मला नाही, त्यांना.

तुझ्या आईचं लाटणं वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. ते तुझं आहे, चर्चचं नाही. कापडात गुंडाळलंय, मूठ सैल झाली आहे, जपून उघड.

कात्रण सोबत जोडलं आहे. कागद दुमडला तर वाचता यावं म्हणून इथेही उतरवते.

"दुरुस्ती. ९ फेब्रुवारी २०१२ च्या अंकात याच जागी 'एल्विरा तळ्यावर बर्फ अप टू बारा इंच' असं छापलं होतं. आर्विड टॉर्गर्सन यांनी मोजून दिलेला मजकूर असा होता: 'गळ्यापाशी सातच्या खाली नाही. पॉइंटजवळ बारा. गाड्या घरी ठेवा.' मोजणी बरोबर होती. एकच आकडा द्यायचा तर सात द्या, असंही त्यांनी सांगितलं होतं. संपादकाने सात काढून बारा घातलं आणि चौकशीत ते सांगितलं नाही. त्या शनिवारी एक माणूस गेला. जनेल हाउगेन, संपादक."

पत्राखाली 'तुझी' लिहायला हात गेला होता. तो शब्द मी पहिल्या पत्रात वापरला, तोही जरा जास्तीचाच होता.

तुझ्या बाबांच्या सातचं बारा करणारी,
जनेल